मिस ड्रमलिनचं हसू

सास्काचेवान प्रांतातल्या आमच्या कालिना गावात शिरायच्या आधी हायवेला एक वळण आहे. त्या वळणावर, गव्हाच्या शेताच्या कडेला, एक मुलगी वीस-बावीस वर्षं हसत उभी होती. घराएवढी उंच. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हात कोपरापर्यंत पिठात, आणि उघड्या ओठांतून दिसणारे पांढरेशुभ्र दात, एकेक दात खिडकीच्या झडपेएवढा. उन्हाळ्यात तिच्या पायाशी गहू डोलायचा. हिवाळ्यात बर्फ चढत चढत तिच्या कोपरांना लागायचा, आणि वाटायचं की ही पीठ मळत नाहीये, सास्काचेवानचा हा सगळा पांढरा मुलूखच मळायला घेतलाय हिने. धुक्याच्या सकाळी बोर्डाचे खांब दिसत नसत. नुसता चेहरा हवेत तरंगायचा. एका वर्षी पाकोळ्यांनी तिच्या कानामागे घरटं केलं होतं.

ड्रमलिन मिलच्या पिठाची ती जाहिरात. मुलीचं नाव मिस ड्रमलिन. आणि रोज सकाळी शाळेची पिवळी बस घेऊन तिच्या दिशेने जाणारी, जाड कोटातली, कपाळाला कायमची आठी असलेली बाई म्हणजे आमची टेक्ला टेटा; आमच्या बोलीत मावशीला टेटा म्हणतात. दोघी एकच. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पटत नव्हतं ते फक्त टेटाला.

मी तिची शेजारीण, स्लाव्का. आमच्या आणि तिच्या घरामध्ये फक्त कोबीचा वाफा. तिची हकिकत काही तिच्या तोंडून, काही माझ्या आईकडून कळली, आणि बरीचशी मी डोळ्यांनी पाहिली.

एक्कावन्न सालची मळणी चालू होती. टेक्ला तेव्हा अठराची. बापाच्या शेतावर मळणीवाल्यांची टोळी उतरली होती आणि त्या सगळ्या दांडग्या पुरुषांना दिवसभर खायला घालायचं काम घरातल्या तीन बायकांवर. टेक्ला पहाटेपासून कणीक मळत होती. दुपारी मिलचा फोटोवाला आला, मळणीचे फोटो काढायला. पाणी मागायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि तिथेच थबकला.

"पोरी, इकडे बघ. अश्शी. आता जरा हस."

"कशाला?" टेक्लाने विचारलं.

"फोटो छान येतो."

"माझे पाव जळतायत," ती म्हणाली आणि मान वर करून तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. दारात आडवा आलेल्या माणसाकडे कामातली बाई बघते तसं. त्याने नेमका तेव्हाच खटका दाबला. जाताना पिठाची एक पिशवी ओट्यावर ठेवून गेला.

पुढच्या वसंतात वळणावर बोर्ड उभा राहिला. सगळं घर ट्रकमध्ये बसून बघायला गेलं. टेक्लाची आई पदर सावरावा तसा डोक्याचा रुमाल घट्ट करत बराच वेळ वर बघत राहिली.

"रुमाल आपला आहे," ती शेवटी म्हणाली. "हातही तुझेच. पण ही बाई कोण?"

कारण वरची मुलगी हसत होती. रंगाऱ्याने ओठ फाकवून आत बत्तीशी भरली होती. टेक्लाच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती बुजवली होती. नाक तासून लहान केलं होतं. कपाळावरची आठी तर पार इस्त्री करून टाकली होती.

"आमच्या पोरीला एवढे दात आहेत होय!" बाप म्हणाला आणि सगळे हसले. टेक्ला हसली नाही. तेव्हा काय वाटलं ते तिला पुढेही नीट सांगता येत नसे. एकदा मला म्हणाली, "असं वाटलं, की मी घरी नसताना कुणीतरी येऊन माझ्या पलंगावर झोपून गेलंय. चादर नीट घातलीय, पण उशीला खळगा राहिलाय."

त्या दिवसापासून गावाला ते हसू हवं झालं. पोस्टातला मास्तर म्हणायचा, "काय मिस ड्रमलिन, आज हसू घरी विसरलीस वाटतं?" चर्चच्या हॉलमध्ये नाच असला की परगावचे पोरगे तिला शोधत यायचे आणि जवळ आल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरायचा. एकाने तर तोंडावर विचारलं, "तुझी मोठी बहीण आहे का ती?"

ओस्टाप पालामार हा असाच बोर्ड बघून आला. धान्याच्या कोठारावर कामाला निघालेला. ट्रकमधून तो चेहरा दिसला, गाव कुठलं ते विचारलं आणि तिथेच उतरला, तिथल्याच कोठारावर लागला. उंच, हळू बोलणारा, मनाने लोण्यासारखा. त्याने टेक्लाशी लग्न केलं, दोन मुलगे झाले, मोठे होऊन तेलाच्या विहिरींवर कामाला पश्चिमेला गेले. संसार बरा झाला. फक्त कधी जेवताना, कधी दिवा मालवताना तो म्हणायचा, "अगं, हस की जरा. तिथे हसतेस तशी." त्यात दुष्टपणा नव्हता. मीठ मागावं तितक्या साधेपणाने मागायचा. टेक्ला प्रयत्न करायची. मग दोघंही दुसरीकडे बघायचे.

आणि तिला एक स्वप्न पडायचं. मिस ड्रमलिन बोर्डावरून खाली उतरायची. गव्हातून अनवाणी चालत यायची, तेवढी उंच, तरी एक कणीसही मोडायचं नाही. चंद्रासारखा उजेड तिच्या दातांचा. अंगणात येऊन ती गुडघ्यावर बसायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला गाल लावायची. सगळी खिडकी गालाने भरून जायची. आतून टेक्ला विचारायची, "काय हवंय तुला?"

"तोंड मिटत नाही गं," ती हसत हसतच म्हणायची. "गाल फार दुखतात."

टेक्ला उठून बसायची ती स्वतःचा जबडा दाबत.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्याअखेर रंगारी पुन्हा आले. मिलला जुनं चित्र जुनाट वाटू लागलं होतं. त्यांनी फळ्यांचं मचाण बांधलं, आठवडाभर शिट्ट्या वाजवत काम केलं आणि निघून गेले. नवी मिस ड्रमलिन बघून आमची बस एकदम गप्प झाली. रुमाल गेला होता, केस मोकळे सुटले होते. झंपर खांद्यावरून घसरला होता. कंबर मनगटाएवढी. एक डोळा मिचकावलेला. दात मात्र तेच. आणि खाली लाल अक्षरांत: मला हवं तसं मळा!

गप्पपणा पुढच्या वळणापर्यंत टिकला. मग मागच्या बाकावरून वरच्या वर्गातला एक पोरगा ओरडला, "टेटा, हवं तसं म्हणजे कसं हो?" आणि मागे सगळे फिदीफिदी हसले.

टेक्ला टेटाने बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. काही बोलली नाही. आरशात बघितलंही नाही. समोर बर्फाचं रान, मध्ये काळी वाट. हळूहळू बसमधली ऊब निघून गेली. आमच्या श्वासांची वाफ दिसायला लागली. त्या पोराच्या बाजूला बसलेल्या मुलीने त्याला कोपराने ढोसलं. "चुकलं," तो पुटपुटला. टेटाने किल्ली फिरवली.

संध्याकाळी तिने मिलला फोन लावला. आमच्याकडे तेव्हा चार घरांत मिळून फोनची एकच तार होती, त्यामुळे हे बोलणं माझ्या आईनेही ऐकलं. माझे वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. तेव्हापासून आई कुणाशी फारसं बोलत नसे, नुसती रिसीव्हर कानाला लावून लोकांचं ऐकत बसे.

"कोण बोलतंय?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"मिस ड्रमलिन."

"बाई, मिस ड्रमलिन नावाची कुणी बाई नाही. ती आमच्या जाहिरात खात्याची कल्पना आहे."

"तिचे हात माझे आहेत."

"हात काय, कुणाचेही असतात," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तारेवर थोडा वेळ नुसती खरखर. मग आई म्हणाली, "टेक्ला, मी ऐकलं."

"माहितेय. तुझा श्वास ऐकू येत होता."

"बरं वाटलं का बोलून?"

"नाही," टेटा म्हणाली. "पण तू होतीस ते बरं झालं."

बर्फ वितळला आणि रस्त्याकडेचा चिखल मऊ लोण्यासारखा झाला, तेव्हा त्या दोघी आल्या. पोरांना शाळेत सोडून टेटा रिकामी बस घेऊन परत येत होती. वळणावर एक जुनी गाडी चाकं रुतवून तिरकी उभी. बाजूला दोन तरुण मुली गुडघाभर चिखलात, आणि एकीच्या हातात लाल रंगाचा डबा. टेटाने बस थांबवली, साखळी काढली आणि विचारपूस न करता गाडीला अडकवायला लागली.

"फार उपकार झाले," डबेवाली म्हणाली. तिचं नाव मार्गो, सास्काटूनच्या विद्यापीठात शिकणारी, चष्म्यावर चिखलाचा ठिपका. "आम्ही या बोर्डासाठी आलो आहोत. तुम्ही रोज इथून जाता ना? तुम्हाला काही वाटत नाही?"

"काय वाटायचं?"

"अहो, ही बाई नाहीच! ही वस्तू आहे. पिठाची पिशवी आणि ही, दोन्ही विकायलाच ठेवलेली. बाई म्हणजे कुणीतरी हवं तसं मळायचा गोळा, असं सांगतायत हे. आणि वर हसतेय! जणू तिलाच हौस!"

"तिला हौस नाही," टेटा साखळी ताणत म्हणाली.

"तेच तर! पण तिला विचारलं का कुणी?"

"नाही विचारलं. आता मागे सरका, नाहीतर चिखल उडेल."

गाडी निघाली. दुसरी मुलगी, जिल तिचं नाव, इतका वेळ काही बोलली नव्हती. ती एकदा बोर्डाकडे बघत होती, एकदा टेटाच्या हातांकडे. टेटाने हातमोजे काढले होते. जिलने मार्गोची बाही ओढली.

"मार्गो, थांब. हात बघ."

मार्गोने बघितलं. मग जाड कोटाकडे, रबरी बुटांकडे, कपाळावरच्या आठीकडे. "अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

"चला घरी," टेटा म्हणाली. "पाय गोठतील."

तिने त्यांना घरी आणून बीटचं सूप आणि कांद्यात परतलेले पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या आमच्याकडच्या करंज्या, वाढले. सर्दीमुळे मी त्या दिवशी शाळेत गेले नव्हते, त्यामुळे कोबीच्या वाफ्यातून तिथे पोचले होतेच. मार्गो खाता खाता बोलत होती, फार छान बोलायची, मासिकांतल्या बायका, टीव्हीवरच्या बायका, फरशी पुसताना नाचणाऱ्या बायका. ओस्टाप चमचा हातात धरून ऐकत होता.

"मग तुम्ही करणार काय?" त्याने विचारलं.

"लाल रंगाने आडवं लिहिणार. 'हा स्त्रियांचा अपमान आहे.'"

"लिहू नका," टेटा म्हणाली.

मार्गोचा चमचा थांबला. "का? तुम्हाला मान्य आहे ते सगळं?"

"तिच्या अंगावर आधीच पुष्कळ जणांनी पुष्कळ लिहिलंय. आता तुम्ही आणखी कशाला?"

 चुलीवर किटली गुणगुणत होती. मग जिलने हळूच विचारलं, "फोटो काढला तेव्हा तुम्ही खरंच हसत होता का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. गावानं नाही, नवऱ्यानंही नाही. टेटा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने हात पुसले, वळली आणि त्या तीन बायका, ते पाव, तो दारातला माणूस, सगळं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा तेव्हासारखाच झाला असावा, कारण ओस्टापने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तू हसलीच नव्हतीस?" तो म्हणाला.

"नाही."

"कधीच?"

"अरे, पाव जळत होते, ओस्टाप!"

तो बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची नक्षी बघत राहिला. "कोठारावर मोठी शिडी आहे," शेवटी म्हणाला. "फळ्याही आहेत."

ईस्टरनंतरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, भर दुपारी ती बोर्डावर चढली. चोरून काही करायचं नाही असं तिने आधीच ठरवलं होतं. ईस्टरची अंडी रंगवण्यात आमच्या गावात तिचा हात कुणी धरत नसे. सुईएवढ्या रेघा ती श्वास रोखून ओढायची. पण इथे एकेक ओठ तिच्याहून लांब. जवळून तिला गुलाबी रंगाच्या भिंतीपलीकडे काही दिसेना. खाली गावातल्या बायका सणाचा उरलेला गोड पाव आणि मुळ्याची चटणी घेऊन गवतावर बसल्या होत्या. त्याच तिला वाट दाखवत होत्या.

"डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे!"

"अजून एक दात दिसतोय, टेक्ला! कोपऱ्यातला!"

"हनुवटीला नको लावू, दाढी आल्यासारखी दिसेल!"

फादर मायरन झगा सावरत आले. "टेक्ला, ही कंपनीची मालमत्ता आहे, बाई."

"बोर्ड त्यांचा, फादर," वरून आवाज आला. "तोंड माझं आहे."

फादरनी विचार केला. मग एका बाईने पुढे केलेला पावाचा तुकडा घेतला आणि तेही गवतावर बसले.

टेटाने आधी दात बुजवले. मग ओठ मिटवले. मिचकावलेला डोळा उघडला, त्याला बाजूच्या डोळ्यासारखं बुबुळ दिलं. भुवयांमध्ये दोन उभ्या रेघा ओढल्या. खालची लाल अक्षरं मार्गोने चुन्याने झाकली, तेवढं काम टेटाने तिला दिलं होतं. मार्गो ओरडली, "आणि तो खांदा? तो झाकायचा ना?"

"खांदा असू दे," टेटा म्हणाली. "उन्हाळ्यात माझाही असतो."

ती उतरली. शिडी बाजूला झाली. ऊन कलतं होतं आणि ढगांच्या सावल्या शेतावरून होड्यांसारख्या सरकत होत्या. बडबडणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. वरची बाई आता सरळ आमच्याकडे बघत होती. आधी ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची होती. आता तिला काम होतं, आणि आम्ही सगळे तिच्या दारात आडवे उभे होतो. माझ्या आईने नकळत अंगावरचे पावाचे कण झटकले.

ओस्टाप शिडी धरून उभा होता. "ही तर तूच," तो म्हणाला.

"मग?"

"काही नाही. तेव्हा ही दिसली असती, तर मी ट्रकमधून उतरलो असतो का, कोण जाणे."

"काय केलं असतंस?"

"घाबरून मॅनिटोबापर्यंत गेलो असतो."

तेव्हा टेक्ला टेटा हसली. दातांमधली फट दाखवत, मान मागे टाकून, रंगाने बरबटलेला हात पोटावर धरून हसली. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. ओस्टाप तिच्याकडे बघतच राहिला, पण यावेळी त्याने काही मागितलं नाही.

ती बाई वळणावर महिनाभर राहिली असेल. ट्रकवाले तिथे वेग कमी करायला लागले. कॉफीच्या दुकानात एकजण म्हणाला, "ती अशी बघते, की मला वाटलं चूल बंद न करताच घरून निघालोय." दुसरा म्हणाला, त्याने उतरून आईला फोन केला. सास्काटूनच्या एका वर्तमानपत्राने फोटो छापला. मग मिलचे व्हिटकोम साहेब आले, चकचकीत बुटांनी चिखल चुकवत. बरोबर पोलीस होता, पण तो आमच्याच गावचा, लहानपणी टेटाच्याच बसमधून शाळेत गेलेला.

"टेटा, हे तुम्ही केलंत का?" त्याने विचारलं.

"हो."

"असं पटकन हो म्हणू नका ना," तो कळवळून म्हणाला.

व्हिटकोम साहेबांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "हिच्याकडे बघा! ही चिडलेली आहे. चिडलेल्या बाईच्या हातचा पाव कोण खाईल?"

"मी वीस वर्षं खातोय," ओस्टाप म्हणाला.

"आमच्या मिस ड्रमलिनचं नुकसान झालं आहे," साहेब टेटाकडे वळून म्हणाले.

"तुमच्या माणसाने मला सांगितलं, अशी कुणी बाईच नाही," टेटा म्हणाली. "मग नुकसान कुणाचं झालं? तिला घेऊन या. ती म्हणाली तर मी भरून देते."

साहेब आले तसेच चिखल चुकवत गाडीकडे वळले. वर्तमानपत्रात आणखी काही छापून यायला नको, म्हणून मिलने तक्रार केली नाही. माणसं पाठवून बोर्ड पांढरा करून टाकला, बस्स. पिशव्यांवरची मिस ड्रमलिन मात्र हसतच राहिली, पार मिल विकली जाईपर्यंत. पिठाशिवाय तर कुणाचं चालणार नव्हतं. पण कालिनातल्या बायका ती पिशवी फडताळात ठेवताना चित्र भिंतीकडे करून ठेवायला लागल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. "तिलाही जरा एकटं राहू दे," एवढंच माझी आई म्हणाली.

स्वप्न बंद झालं का, असं मी टेटाला विचारलं होतं. ती म्हणाली, "एकदा आली होती. आत मावली, नेहमीच्या बाईएवढी होती. सूप प्यायली. एक अक्षर बोलली नाही. तिला बघून मलाही झोप आली."

पुढे टेटाच्या घरी बायकांची गुरुवारची बैठक भरायला लागली, ती कशी सुरू झाली ते मात्र गमतीचं आहे. जिल पुढच्या हिवाळ्यात अधूनमधून यायची, टेटाकडून अंडी रंगवायला शिकायला. एकदा चार-पाच बायका टेटाच्या घरी पिरोही भरायला बसल्या होत्या. टीव्ही चालू. जाहिरात लागली, आवाज कर्कश, म्हणून टेटाने पिठाच्या बोटाने आवाज बंद केला. पडद्यावर एक बाई नव्या झाडूला छातीशी धरून गिरक्या घेत होती, नुसतं तोंड हलत होतं.

"काय म्हणत असेल गं ही?" जिल म्हणाली.

पोस्टातल्या मास्तरची बायको, जाडजूड आणि गंभीर, तिने मान वर केली आणि त्या बाईच्या ओठांबरोबर म्हणाली, "देवा, नवरा गेला कामावर! देवा, पोरं गेली शाळेत! आता हा झाडू टाकते आणि दुपारपर्यंत झोपते!"

बायका अशा हसल्या, की बटाट्याचं सारण सांडलं. मग ते दर गुरुवारी सुरू झालं. बाहेर बर्फ भुरभुरत असायचा, खिडक्यांवर वाफेची फुलं धरलेली, आत उकडलेल्या बटाट्याचा आणि शेपूचा वास. निळ्या उजेडात न बोलणाऱ्या बायका एकामागून एक यायच्या, कुणी गाडीच्या टपावर लोळणारी, कुणी डोकं दुखतंय म्हणून कपाळाला हात लावणारी, कुणी नवऱ्यापुढे कॉफीचा कप धरून थरथरणारी. आमच्या बायका त्यांना आवाज द्यायच्या. गाडीवरची म्हणायची, "पत्रा गार आहे हो, कुणी उठवा मला!" कॉफीवाली म्हणायची, "हवी तर घे, नाहीतर स्वतः कर, मला बातम्या बघायच्यात." मार्गो एकदा आली आणि वहीबिही काहीच न काढता पोट धरून हसत बसली. सगळ्या त्या बायकांची चेष्टा करत होत्या असं नाही. हळूहळू त्या त्यांच्या ओळखीच्याच झाल्या होत्या. टपावरच्या बाईला तर नावही ठेवलं होतं.

आई नेहमी यायची, पिरोहीच्या कडा दाबत कोपऱ्यात बसायची. बोलायची नाही. एका गुरुवारी साबणाची जाहिरात लागली. एक तरुण बाई दोरीवरून पुरुषाचा शर्ट काढते, त्यात तोंड खुपसते आणि डोळे मिटते. ती जाहिरात रोज लागायची, आम्ही तिच्यावर पुष्कळ विनोद केले होते. कुणीतरी तोंड उघडलं, तेवढ्यात आई बोलली. अगदी हळू, त्या बाईच्या ओठांबरोबर.

"आता यात त्याचा वास राहिला नाही. मी उगीच धुतला."

जाहिरात संपली, दुसरी लागली.  आईच्या हातात कणकेचा गोल तसाच होता. टेक्ला टेटा उठली, टीव्ही बंद केला, आईच्या शेजारी बाकावर येऊन बसली आणि तिच्या पुढ्यातले पिरोही भरायला लागली. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "तुझ्या कडा सुटतायत, टेक्ला."

"मग दाब ना तू."

त्यानंतर आई बोलायला लागली. आधी फक्त गुरुवारी, मग इतर दिवशीही.

टेक्ला टेटाने पुढेही पुष्कळ वर्षं बस चालवली. निवृत्त झाली तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये निरोप दिला, कुणीतरी कॅमेरा रोखून "हसा, हसा" म्हणाला आणि अख्खा हॉल एका आवाजात त्याच्यावर ओरडला. जिल पुढे टीव्हीवर बातम्या द्यायला लागली. टेटा तिच्या बातम्या आवाज मोठा करून ऐकायची आणि तिचे केस फार फुगवलेत म्हणून तिला फोन करून रागवायची.

ती गेली ऑक्टोबरात, आजारबिजार काही न होता. आदल्या रात्री नेहमीसारखी जेवली. ओस्टापने मला सांगितलं, की उजाडताना ती जागी झाली होती. बाहेर कापणी झालेल्या शेतात हंसांचे थवे उतरले होते, दक्षिणेकडे जायच्या आधीचे, हजारोंनी, सगळं रान पांढरं करून टाकलेलं, आणि कलकलाट चाललेला. ती उशीवर मान वळवून ऐकत राहिली.

"किती बोलतात रे या बाया," ती म्हणाली आणि तिने पुन्हा डोळे मिटले.